फुले खुडताना

देवपूजेचे कारण नसता झाडावरचे फूल खुडणे मला लहानपणापासून पाप वाटत आले आहे. म्हणून टोमॅटोच्या झाडांवरची पिवळी फुले ताई भराभर खुडून टाकताना दिसली, तेव्हा मी ओरडलोच!

ही गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधली, कॅनडातल्या कॅलगरीची. ताई तिथे राहते. पंधरा वर्षे रखडलेला माझा प्रबंध एकदाचा संपवावा, म्हणून रजा काढून, कागदांची जाडजूड पिशवी घेऊन मी मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. तेव्हा टोमॅटोची रोपे खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून उभी होती. पेरणी मार्चअखेरची, पण मेचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत तिथल्या थंडीचा भरवसा नाही. ताई रोपांना रोज थोडा वेळ अंगणात ठेवी आणि संध्याकाळी लेकरांसारखी आत आणी. वाऱ्याउन्हाची सवय झाल्यावर तिने ती घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी लावली. ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री रोपांना ऊब देते. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत ऊन! झाडे कशी तरारली!

आणि आता ही फुलांची कत्तल?

"अरे, फुलाचे पिकलेले फळ व्हायला सहा-आठ आठवडे लागतात," ताई म्हणाली. "सप्टेंबरच्या मध्याला इथे पाणी गोठवणारी रात्र येते. ही फुले ठेवली, तर ती फुकट जातील आणि खालची फळेही पोसणार नाहीत."

मी गप्प झालो. वरच्या खोलीत माझ्या प्रबंधाला बारावे प्रकरण फुटत होते! येईल तो फुटवा मी वाढू दिला होता आणि त्यालाच व्यासंग म्हणत आलो होतो. पिकले मात्र एकही प्रकरण नव्हते.

सप्टेंबरात, थंडीचा इशारा आला त्या संध्याकाळी, आम्ही उरलेली हिरवी फळे उतरवली. एकेक कागदात गुंडाळून, सोबतीला एक पिकले केळे ठेवून खोक्यात भरायची. आंब्याची आढी पाहिलेल्या माणसाला यात नवल ते काय! पण इथेही नियम तोच: भरलेले फळ घरात पिकते, कोवळे नुसते सुरकुतते.

निम्म्यातच ताईकडची वर्तमानपत्रे संपली. मी वर गेलो आणि सात प्रकरणे घेऊन खाली आलो.

"अरे, ही लागतील ना तुला?" ताईने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

उरलेली पाच घेऊन घरी परतलो. आता पिकायचे ते त्यांतच पिकेल.