वेगाचे ओझे

मी कला शाखेचा पदवीधर. घरी कोंकणी बोलणारा, शाळेत मराठी शिकविणारा. यंत्रविद्येशी माझा परिचय बेताचाच. तरीही गतवर्षी विज्ञान-प्रदर्शनाच्या वेळी नववीतील एका विद्यार्थ्याने विजेवर धावणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारीचे चित्र मोठ्या विश्वासाने माझ्यापुढे ठेवले. मोटार बाणासारखी निमुळती होती. मी हसून विचारले, “अरे, हिच्यात बॅटरी कुठे ठेवशील आणि माणूस कुठे बसवशील?” सारा वर्ग हसला. त्याने मुकाट्याने चित्राची गुंडाळी केली.

त्या रात्री मला चैन पडेना. वाचू लागलो, तेव्हा उमगले की ह्या प्रश्नाने थोरांनाही छळले आहे. १८९९ साली बेल्जियमच्या कामिय झेनात्झीने पॅरिसजवळ विजेची मोटार ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेगाने हाकली. शंभरीचा टप्पा ओलांडणारी ती पहिलीच मोटार. पण तिच्या निमुळत्या देहातून चालक मात्र वारा अडवीत वर डोकावत असे! २००८ साली आलेल्या टेस्ला रोडस्टरमध्ये ६,८३१ लहान विद्युत्‌घट आसनांमागे बसविले होते. त्या संचाचे वजन सुमारे ४५० किलो, आणि आसने दोनच!

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्याची क्षमा मागितली. त्याने नवे चित्र उलगडले. बॅटरी तळाशी सपाट पसरली होती. त्यामुळे छत थोडे उंचावले होते.

“सर, ओझे खाली ठेवले की वळणावर तेच गाडीला सावरते,” तो म्हणाला.

माझा प्रश्न योग्य होता. हसणे अयोग्य होते. प्रदर्शनात त्या चित्राखाली त्याने मार्गदर्शक म्हणून माझे नाव लिहिले. ते वाचताना मी संकोचलो.