अगत्तीला जाणारं विमान, कुसुंब्याची धावपट्टी

पुण्याहून जळगावला जाणाऱ्या फ्लाय९१ च्या एटीआर विमानात मागच्या दारानं चढायचं. पंख डोक्यावर, त्यामुळे खिडकीखालचा मुलूख मोकळा. गोव्याची ही छोटी कंपनी २०२४ च्या मार्चमध्ये उडू लागली. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून ती लक्षद्वीपच्या अगत्तीलाही जाते. तिथली धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर, दोन्ही अंगांना समुद्र. बेटावर उतरणाऱ्या याच जातीच्या विमानानं आपण केळीच्या मुलखात उतरणार, याची मला गंमत वाटत होती.

गोदावरी मागे पडली आणि अजिंठ्याचे डोंगर आले. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावर लेणी दिसली, ती इथेच. डोंगर संपले की जमीन एकदम खाली बसते. काळी माती, गिरणा, तापी, आणि पल्याड सातपुड्याची निळी रेघ. वरून खानदेश दोन डोंगरांमध्ये ठेवलेल्या परातीसारखा दिसतो.

विमान जळगावजवळच्या कुसुंब्याला टेकलं. १९७३ च्या या धावपट्टीवर विमानतळ उभा राहिला आणि २०१२ मध्ये जळगावच्याच लेकीनं, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी, त्याचं उद्घाटन केलं. इमारत झाली, विमानं मात्र टिकेनात. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनचं एकोणीस आसनी विमान आलं आणि गेलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, २०२२ मध्ये तीही थांबली. उन्हाळ्यातल्या नाल्यांसारखी त्यांची गत.

एरंडोल, पारोळा करत गाडीनं धुळे गाठलं. वाटेत शेवभाजी झाली. धुळ्यालाही गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथे शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. प्रवाशाला नव्वद किलोमीटरवरचं जळगावच गाठावं लागतं. धुळ्यातच इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९२६ मध्ये देह ठेवला. आयुष्यभर गावोगाव हिंडून त्यांनी जुने कागद गोळा केले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात उभं राहिलो, तेव्हा तासाभराच्या विमानप्रवासाचं कौतुक जरा ओसरलं.

तरी ते विमान हवंच. छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या उडान योजनेत तोट्याचा भार सरकार तीन वर्षंच उचलतं. पुढे प्रवाशांनीच खुर्च्या भरायच्या असतात. पुण्याहून खानदेशात जायचं असेल, तर एकदा खिडकीशी बसून जा. रिकाम्या खुर्च्यांसाठी विमान फार दिवस येत नाही.