शंकेची वाट

१९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या काळात मराठी वाचू लागलेली वैनगंगेकाठची पिढी आता विरळ होत चालली आहे. बालाघाटातील असा एकेक वाचक मंडळाला मोलाचा. म्हणून अंकाच्या पाकिटांवरील पत्ते छापणारा एक छोटासा प्रोग्राम आम्ही हौसेने लिहिला, आणि त्याच हौसेत एक अपराधही केला.

ज्याची वर्गणी तीन वर्षे आली नसेल, त्याच्या नावाशी थांबून आमच्यापुरता एक शब्द छापावा, असे आम्ही प्रोग्रामला सांगितले होते : ‘मयत?’ चुका शोधताना अशा खुणेच्या ओळी घालण्याचा परिपाठच आहे. पडद्यावर त्या शोभल्या. छपाईच्या दिवशी मात्र प्रोग्रामचे सारे बोलणे छपाईयंत्राकडे वळविले आणि पत्त्याखाली तो शब्दही उतरला. चिठ्ठ्या घाईत चिकटविल्या गेल्या.

आठ दिवसांनी आमचे शाळेतले गुरुजी काठी टेकीत दारी आले. पाकीट पुढे करून म्हणाले, “अरे, प्रश्न विचारलास, म्हणून उत्तर द्यायला स्वतःच आलो.” ते हसले. पाकीट आधी त्यांच्या मुलीच्या हाती पडले होते, हे कळल्यावर आम्हांला हसता आले नाही.

अशी फजिती थोरांचीही झाली आहे. बागेतील रबरी नळ्यांप्रमाणे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्स प्रणालीत उतरविली. पुढे तेथे अक्षरजुळणीच्या यंत्राकडे मजकूर पाठविताना चुकांचे संदेशही सुबक जुळून कागदावर येऊ लागले. त्या वैतागातून चुकांसाठी निराळी वाट निघाली.

तेव्हापासून प्रत्येक प्रोसेसला तीन वाटा मिळतात : ० आत येण्याची, १ फलिताची, २ तक्रारीची. साधा पाइप केवळ १ क्रमांकाची वाट पुढे नेतो. २ क्रमांकाची वाट वेगळ्याच प्रोसेसच्या स्वाधीन करता येते. आम्ही तेच केले. आता पत्ते छपाईकडे जातात, आणि शंका दुसऱ्या प्रोसेसकडे; ती त्यांवर वेळ घालून एका फाइलीत नोंदविते. यात आणखी एक सोय आहे. पाइपात जाणारे फलित बहुधा साचवून सोडले जाते, त्यामुळे प्रोग्राम मध्येच कोसळला तर शेवटचे शब्द हरवतात. तक्रारीची वाट सहसा साचवीत नाही. पथ्य एकच : पलीकडे कोणी वाचीत असले पाहिजे. लिनक्सवर पाइपात सामान्यतः ६४ किलोबाइट मावतात. ते भरले की लिहिणारा प्रोग्राम तेथेच खोळंबतो.

हे पथ्य आम्हांला गुरुजींनी आधीच शिकविले होते. त्या दिवशी निघताना ते सहज म्हणाले होते, “पूर्वी वर्गणी न्यायला कोणीतरी घरी यायचे. तीन वर्षांत कोणी आले नाही रे.”

गेल्या अंकापूर्वी त्या फाइलीत सात नावे निघाली. यंत्र बंद करून आम्ही सायकल काढली.