माळाकडे पाहताना

आपल्या प्रवासलेखनात निसर्गसौंदर्य म्हटले की सह्याद्रीचे कडे आणि कोकणचा किनारा यांतच लेखणी रमते, हे तुमच्या लक्षात आले असेल. पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी यवतच्या पुढे डोंगर मागे सरले की एसटीच्या खिडकीला डोके टेकून डोळे मिटतो. संपर्कसत्रासाठी तुमच्यापैकी काही जण याच रस्त्याने ये-जा करीत असतील. बाहेर पाहण्यासारखे काही नाही, असेच तुम्हालाही वाटत असेल. या ‘काही नाही’त माझ्या आयुष्याची पहिली अठरा वर्षे गेली, म्हणून त्याविषयी तुमच्याशी बोलावेसे वाटते.

डोंगराळ प्रदेशात दृश्य आपल्यापुढे उभे असते. माळावर ते आपल्याभोवती पसरलेले असते. सह्याद्रीने बहुतेक पाऊस पश्चिमेलाच अडविल्यामुळे इकडे पर्जन्यछाया. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम, त्याखाली लाव्ह्याचा काळा खडक. या जमिनीला गवतच शोभते, आणि तेच तिने हजारो वर्षे धरून ठेवले आहे. इथे पाऊस पडण्यापूर्वी दिसतो. तीन कोसांवरच्या गावावर कोसळणारी सर आपण कोरड्या अंगाने पाहत उभे असतो, आणि ढगाची सावली माळ ओलांडून आपल्या पायांशी येईपर्यंत तिची वाट पाहता येते. आश्विन संपता संपता गवत पिकते. सकाळच्या तिरप्या उन्हात ते पेटल्यासारखे दिसते आणि वाऱ्याने त्यावर लाटा उठतात. हे सारे खिडकीतून निसटते. त्यासाठी उतरून उभे राहावे लागते.

कुठे उतरावे, असे विचाराल तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे नाव मी प्रथम घेईन. अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. कळपातील एक मादी उसळी घेते, मग दुसरी, आणि क्षणभर सारा कळप जमिनीला न टेकता चाललेला दिसतो. चिंकारा पाहावयाचा तर इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी. भिगवणला सोलापूरकडे जाताना डाव्या हाताला उजनीचे पाणी लागते. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि मच्छीमारांच्या होड्या पाहुण्यांना घेऊन निघतात. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडते. पर्यटकांना ते मोठे नवल वाटते. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, ते मात्र दुसऱ्या नजरेने तिकडे पाहतात.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजविषयी लिहिताना हात जड होतो. माणसाच्या कमरेहून उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा माळढोक हा इथला मानकरी. त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. चहूकडची मोकळी नजर हेच तिचे घरटे. त्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. कागदोपत्री त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. पुढे तो घटवून १,२२२ वर आणला गेला. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. देशभर मिळून जे थोडे उरले आहेत, ते बहुतेक राजस्थानात.

हे का झाले, याची कारणे अनेक आहेत: कालवे, ऊस, विजेच्या तारा, शिकार. मला त्यांत एका शब्दाचाही हात दिसतो. तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून सांगतो. माझी आजी जमिनीला बरड म्हणे, मुरमाड म्हणे, माळ, कुरण, गायरान म्हणे. प्रत्येक शब्दाला वेगळे गवत आणि वेगळा हक्क चिकटलेला असे. गायरान म्हणजे गावच्या गुरांचे, ते कुणा एकाचे नव्हे. सातबाऱ्यावर यातले बरेचसे ‘पोटखराबा’त गेले आणि सरकारी नकाशांनी सरसकट ‘पडीक’ ठरवले. पडीक म्हटले की ती कामी आणण्याची घाई सुटते. आमच्या गावच्या माळावर एका संस्थेने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. आम्हा मुलांकडून वृक्षगीते म्हणवून घेतली. चार वर्षांत सावलीखालचे गवत विरळ झाले. धाविक आणि चंडोल दिसेनासे झाले. मेंढ्या घेऊन येणारे धनगर, आणि त्यांच्या मागावर असणारा लांडगा, दोघांनीही वाट बदलली. ज्याला आपण ‘हिरवे करणे’ म्हणतो, ते इथे एक नांदते घर मोडणे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्तिकात माळावर जा, आणि पहाटेच जा. पायघोळ कपडे नकोत, कारण कुसळे सोडणार नाहीत. आमच्याकडे माळावरून आलेला पाहुणा आधी ओट्यावर बसून कपड्यांतली कुसळे वेचतो. घरातले कुणीतरी मदतीला बसते, हुरडा येतो, आणि काय काय दिसले, याची चौकशी सुरू होते.