रायतूरची वेस ओलांडताना

मडगावला उतरलेला प्रवासी सहसा पश्चिमेची वाट धरतो. कोलवा, बाणावली, पांढरी वाळू आणि माडांची सावली! पण याच मडगावहून उलट्या दिशेला, ईशान्येकडे अवघ्या सात किलोमीटरांवर एक वेगळाच गोवा आहे. राय गाव मागे टाकून रस्ता शेतांमधून पुढे निघतो आणि झुवारी नदीच्या काठी एका जुनाट दगडी कमानीपाशी येतो. नकाशात या गावाचे नाव राशोल. गावकरी मात्र आजही त्याला रायतूर म्हणतात.

कमान किल्ल्याची आहे. एकेकाळी येथे आदिलशाहीचा अंमल होता. 1520 मध्ये विजयनगरच्या फौजांनी किल्ला जिंकला आणि तो पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. 1543 पासून सारी साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. आज तट ढासळले आहेत, तोफा दिसत नाहीत. कमानीतून आत गेले, चढ चढला, की टेकडीवर किल्ल्यासारखीच भक्कम अशी एक पांढरीशुभ्र वास्तू समोर उभी राहते. ही रायतूरची सेमिनरी. ख्रिस्ती धर्मगुरू घडवण्याची शाळा.

1606 सालच्या 1 नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणादिवशी, येशूसंघीयांनी तिची पायाभरणी केली. चार वर्षांनी, 1610 मध्ये, ती वापरात आली. त्या दिवसावरून तिला आधी ‘सर्व संतांचे महाविद्यालय’ म्हणत. 1622 मध्ये संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांना संतपद मिळाले आणि विद्यालयालाही त्यांचे नाव देण्यात आले. चारशेहून अधिक पावसाळे झेललेल्या या भिंतींच्या आत मधोमध प्रशस्त चौक आहे, चौकाखाली पाण्याचे मोठे टाके आहे, जुन्या ग्रंथांचे ग्रंथालय आहे आणि इग्नाशियस लोयोलांच्या नावाचे सुंदर चर्च आहे. पण रायतूरचे खरे महत्त्व तिच्या दगडमातीत नाही. सेवा करायला निघालेल्या माणसाला कसे तयार करायचे, या प्रश्नाची किती वेगवेगळी उत्तरे या टेकडीने पाहिली, यात ते आहे.

पुराण लिहिणारे पाद्री

मराठी माणसाने रायतूरला जावे, याचे एक कारण फार जवळचे आहे. ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये येथे छापले गेले!

त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. 1579 च्या ऑक्टोबरमध्ये ते गोव्याला पोचले आणि उरलेले आयुष्य, सुमारे चाळीस वर्षे, त्यांनी येथेच घालवले. बहुतेक काळ ते साष्टीत राहिले. येथील लोकांची भाषा त्यांनी नुसती कामापुरती शिकून घेतली नाही, तर तिच्यावर प्रेम केले. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले. भाषाशास्त्रज्ञांना हे नाते उमगायला त्यानंतर दोन शतके जावी लागली.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. पिढ्यान्‌पिढ्या ते पुराणे ऐकत आले होते. आता ती सुटली, पण त्यांच्या जागी काही आले नव्हते. ही पोकळी स्टीफन्सनी ओळखली आणि ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवी छंदात, कोकणीचा साज असलेल्या मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ‘पैलें पुराण’ बायबलच्या जुन्या कराराचे आणि ‘दुसरें पुराण’ येशूच्या चरित्राचे. अक्षरे मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. कोकणपट्टीतील देवळां-घरांत पुराण वाचले जावे तसे हे पुराण चर्चमध्ये आणि ख्रिस्ती घरांत कित्येक पिढ्या गायले गेले. देवनागरीत त्याची आवृत्ती यायला 1956 साल उजाडावे लागले. ती शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून सिद्ध केली.

स्टीफन्स 1619 मध्ये वारले. त्यांचे कोकणी भाषेतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण 1622 मध्ये आणि कोकणीचे व्याकरण 1640 मध्ये, दोन्ही रायतूरलाच छापून झाले. व्याकरण कशासाठी? तर मागून येणाऱ्या पाद्र्यांना लोकांची भाषा बोलता यावी म्हणून. धर्मगुरूने आधी लोकांसमोर विद्यार्थी व्हायचे आणि मगच त्यांचे गुरू, असा हा क्रम होता.

नदीच्या पलीकडे

अर्थात सारा इतिहास असा गोड नाही. सेमिनरीच्या टेकडीवरून झुवारीचे पात्र दिसते. पलीकडे फोंडा महालातले शिरोडे. तेथे कामाक्षी देवीचे प्रसिद्ध मंदिर आहे. ही देवी मूळची नदीच्या अलीकडची, राय गावची. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी आपली दैवते पाठीवर घेऊन नदी ओलांडली. 1567 मध्ये हा विध्वंस करणारा कप्तान याच रायतूरच्या किल्ल्यातला होता. मंगेशी आणि शांतादुर्गा यांच्या स्थलांतराची कथाही त्याच काळातली. आज शिरोड्याला नवस फेडायला येणाऱ्या भाविकांनाही ही गोष्ट ठाऊक असते. आणि रायतूरच्या कमानीतून आत जाताना ती विसरून चालत नाही.

पुढे स्वतःच्या ख्रिस्ती प्रजेशीही राज्यकर्ते बरे वागले नाहीत. 1684 च्या जूनमध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेसाठी स्टीफन्सनी आयुष्य वेचले, तिच्यावरच घाला आला. गोव्यातली छापखान्याची घरघर तर त्याआधीच थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली 1821 मध्ये.

शिवाय गोवेकर पाद्री कितीही विद्वान असला, तरी त्याला दुय्यमच लेखले जाई. युरोपीय संन्यासी संघांची दारे त्याला बंद असत, मोठी पदे तर दूरच. 1787 मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा जो कट उघडकीस आला, त्यात गोवेकर पाद्रीच पुढे होते. सेवेची शिकवण द्यायची आणि सेवकाला मान मात्र नाकारायचा, या विसंगतीचा तो स्फोट होता.

मजुराच्या वेशातला संत

याच साष्टीने या प्रश्नाचे दुसरे उत्तरही दिले. बाणावलीला 1651 मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ 1676 मध्ये धर्मगुरू झाले. गोवेकर पाद्र्यांनी जुन्या गोव्यात स्वतःचा एक छोटा संघ उभारला होता, त्यात ते सामील झाले. श्रीलंकेच्या किनारपट्टीवर तेव्हा डचांचे राज्य होते आणि कॅथलिक पाद्र्यांना बंदी. 1687 मध्ये वाझ मजुराच्या वेशात त्या बेटावर उतरले. भाषा शिकले, अनवाणी गावोगाव हिंडले, साथीच्या आजारात रुग्णांची शुश्रूषा केली.

पण त्यांची खरी दूरदृष्टी आणखी एका गोष्टीत दिसते. एकटा माणूस सारे बेट पुरा पडणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते गावागावांत साध्या संसारी भाविकांना तयार करीत. प्रार्थना कशी चालवायची, मुलांना काय शिकवायचे, मरणोन्मुख माणसाजवळ बसून काय म्हणायचे, हे त्यांना शिकवून वाझ पुढच्या गावाला निघत. पाद्री वर्षातून एकदा आला तरी समाज टिके, तो या माणसांमुळे. 1711 मध्ये कँडीत त्यांचा अंत झाला. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला त्यांना संत म्हणून घोषित केले, तेव्हा गोव्यात घरोघरी आनंद झाला.

मुलगा ‘ब्रदर’ होतो

पोर्तुगालने 1759 मध्ये येशूसंघीयांना हाकलले आणि पुढे रायतूरचे विद्यालय गोवा धर्मप्रांताकडे आले. येथून शिकून गेलेल्यांत मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश 1893 मध्ये मुंबईत छापला गेला, आणि त्यातले कोकणी शब्द देवनागरीत आहेत. फर्मानाने दाबलेली भाषा पुन्हा डोके वर काढत होती.

आज धर्मगुरू व्हायची इच्छा धरणारा गोव्यातला मुलगा साधारणपणे आधी साळगावच्या सेमिनरीत जातो. तेथून रायतूर. आधी तत्त्वज्ञान, मग ईश्वरविज्ञान. चर्चच्या कायद्याप्रमाणे या दोन्हींना मिळून किमान सहा वर्षे द्यावीच लागतात. मध्ये एखादे वर्ष एखाद्या चर्चमध्ये किंवा शाळेत प्रत्यक्ष काम करण्यात जाते. म्हणजे डॉक्टरपेक्षाही लांबचा अभ्यास! या काळात गावात त्याला ‘ब्रदर’ म्हणतात.

दिवस प्रार्थनेने सुरू होतो आणि प्रार्थनेनेच संपतो. मध्ये मिस्सा, तास, वाचन, खेळ, बागकाम, संगीत. पण पुस्तकी परीक्षेत पहिला आला म्हणून कोणी धर्मगुरू होत नाही. आजाऱ्याच्या खाटेशेजारी तो गप्प बसू शकतो का? भांडणाऱ्या दोन भावांचे म्हणणे पुरते ऐकून घेतो का? चार माणसांत राहून त्याला आपला हट्ट सोडता येतो का? हे त्याच्याबरोबर राहणारे वडीलधारे फादर वर्षानुवर्षे पारखत असतात. काही जण मध्येच परत फिरतात. हल्लीचे वरिष्ठ तो अपमान मानत नाहीत. योग्य वेळी घेतलेला योग्य निर्णय मानतात.

तेविसाव्या वर्षाआधी उपगुरूपद मिळत नाही, पंचविसाव्याआधी गुरुदीक्षा नाही. आजन्म ब्रह्मचर्याचे वचन उपगुरू होतानाच द्यावे लागते. आईवडिलांच्या दृष्टीने हा क्षण सोपा नसतो. एके काळी घरात सहा-सात मुले असत आणि त्यातला एक देवाला वाहण्यात घराण्याला अभिमान वाटे. आता घरात एक किंवा दोन. ‘होय’ म्हणताना आईचा आवाज कापतो, तो उगाच नव्हे.

दीक्षेच्या दिवशी उमेदवार वेदीसमोर जमिनीवर पालथा पडतो आणि सारी मंडळी सर्व संतांचा धावा करतात. मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि तळहातांना पवित्र तेल लावतात. नव्या फादरच्या पहिल्या मिस्सेला सारे गाव लोटते. ज्यांनी त्याला चिंचा पाडताना रागे भरले, तेच म्हातारे त्या दिवशी त्याच्या हाताचे चुंबन घेतात!

फक्त फादरांचे काम?

पण सेवा ही काही फादरांची मक्तेदारी नव्हे, हे चर्चने गेल्या साठ वर्षांत नव्याने सांगायला सुरुवात केली. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लॅटिनमधून लोकभाषेत आणली. गोव्यात कोकणी वेदीवर आली, वसईत मराठी. स्टीफन्सनी साडेतीनशे वर्षांपूर्वी जे जाणले होते, तेथे सारे जग येऊन पोचले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, तो याच प्रवाहाचा पुढचा टप्पा.

1972 मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे संसारी पुरुषांना खुली झाली. 2021 च्या जानेवारीत ती स्त्रियांनाही मिळाली आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाच्या कामालाही अधिकृत पदाचा मान लाभला. खरे तर गोव्याच्या गावांत हे काम बायका पूर्वीपासून करतच होत्या. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. गावच्या खुरसापुढे होणारी लदिन तर पाद्र्यावाचूनही पार पडते. शेजारी जमतात, सूर लागतात, शेवटी चणे वाटले जातात. वाड्यावाड्यांतली कुटुंबे मिळून केलेले छोटे समुदायही आता जागोजागी आहेत. कुणाच्या तरी बाल्कांवात बसून बायबलचा उतारा वाचायचा आणि मग विचारायचे, वाड्यावर कोण आजारी आहे? कुणाची फी भरायची राहिली? अशा मंडळींना तयार करणे, हे आता तरुण फादरच्या अभ्यासाचाच भाग झाले आहे. जोसेफ वाझ लंकेत हेच करीत होते.

गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव 2022 मध्ये कार्डिनल झाले. त्यांचे शिक्षण साळगावला आणि नंतर पुण्याच्या पेपल सेमिनरीत झाले. ही संस्था 1893 मध्ये कँडीला सुरू झाली आणि 1955 मध्ये पुण्यात आली. वाझ गोव्याहून कँडीला गेले होते. कँडीची शाळा पुण्याला आली आणि तेथे शिकलेला गोवेकर पुन्हा गोव्याचा मुख्य मेंढपाळ झाला.

रायतूरला जायचे तर मडगाव स्थानकावरून रिक्षा वा बसने अर्ध्या तासात पोचता येते. सेमिनरी ही मुलांची राहती शाळा आहे. तेव्हा आत जाण्यासाठी परवानगी विचारावी, मोठ्याने बोलू नये. पूर्वी येथे असलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आता जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आहे. चर्च पाहून झाले, की पाच मिनिटे नदीकडे तोंड करून उभे राहावे. पलीकडे कामाक्षीचे शिरोडे, अलीकडे तिचे मूळ गाव राय. आणि मागे, जाड भिंतींच्या आत, उद्या एखाद्या वाड्यावरच्या आजाऱ्याचे दार ठोठावणारा कोणी तरुण आज आपला धडा गिरवत असतो.