बोट थांबत नाही, बरं का!

मैत्रिणींनो, भूमध्य समुद्रावरच्या क्रूझची जाहिरात पाहिली की जीव कसा हरखून जातो! आठवड्याभरात बार्सिलोना, मार्सेलिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. सामान एकदाच उघडायचं, रोज नव्या गावी जाग यायची आणि स्वयंपाकाला सुट्टी. आणखी काय हवं? पण ती जाहिरात जरा चष्मा लावून वाचा. रोम काही बंदर नव्हे आणि फ्लॉरेन्स तर नाहीच नाही. बोट आपल्याला बंदरात नेऊन सोडते. तिथून शहरापर्यंतचा रस्ता आपला आणि घड्याळ मात्र बोटीचं. एवढं ध्यानात ठेवलंत की कुठे उतरून काय पाहायचं आणि बॅगेत काय भरायचं, दोन्ही सुचत जातं.

आधी कागदपत्रं

स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस, माल्टा आणि २०२३ पासून क्रोएशिया हे सगळे देश एकाच शेंगेन व्हिसात येतात. पण मधेच बोट तुर्कस्तानला किंवा ट्युनिशियाला जाऊन परत येणार असेल, तर पुन्हा आत शिरता येईल असा, म्हणजे एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. शिवाय त्या देशाचा नियम वेगळा पाहावा लागतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा उशीर नको. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा तर सक्तीचाच आहे. काही बोटींवर पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेतात, म्हणून त्याच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच तुमच्या पर्समध्ये, दुसरा यजमानांच्या खिशात.

वेळेचा हिशेब

आता रोमचंच उदाहरण घ्या. बोट लागते चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सुमारे ७० ते ८० किलोमीटर. समजा बोट सकाळी ७ ला लागली आणि संध्याकाळी ७ ला सुटणार आहे. वाटतं, बारा तास मिळाले! पण उतरायला परवानगी मिळेपर्यंत, नाश्ता होऊन रांगेतून बाहेर पडेपर्यंत साडेआठ वाजतात. बंदराच्या फाटकापर्यंत बस, मग स्टेशन, मग तास-सव्वा तासाची आगगाडी. रोममध्ये पाऊल पडायला साडेदहा-अकरा होतात. बोटीवर परत हजर व्हायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. गाडी चुकली तर पुढची मिळावी, म्हणून दुपारी साडेतीन-चारला परत निघायलाच हवं. म्हणजे हातात राहिले पाच तास.

या पाच तासांत व्हॅटिकनचं संग्रहालय आणि कोलोसियम, दोन्ही होत नाहीत. धावतपळत केलीत तर पाय तेवढे लक्षात राहतील. दोन्हींपैकी एक निवडा, त्याचं वेळेचं तिकीट घरूनच काढून ठेवा आणि उरलेला वेळ एखाद्या चौकात बसून घालवा. व्हॅटिकनला जाणार असाल तर वार पाहून घ्या. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ते संग्रहालय रविवारी बंद असतं.

आणखी एक नियम पक्का लक्षात ठेवा. बोटीच्या कंपनीची सहल घेतली आणि तिची बस रखडली, तर बोट सहसा थांबते. आपापलं गेलात आणि उशीर झाला, तर निघून जाते! मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून लांबच्या ठिकाणी कंपनीची सहल घ्यावी, जवळच्या ठिकाणी आपलं आपण फिरावं. कंपनीच्या सहली महाग असतात, पण रोम-फ्लॉरेन्ससारख्या ठिकाणी तो पैसा मनाच्या स्वस्थतेचा समजा. बोटीवर रोज कार्यक्रमपत्रिका मिळते. तिच्यावर परतीची वेळ आणि बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. ती पर्समध्ये टाकल्याशिवाय खाली उतरू नका.

कोणतं बंदर कसं?

बार्सिलोना सोयीचं आहे. कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत बसने यायचं की समोरच रांब्ला हा प्रसिद्ध रस्ता. पर्स मात्र पुढे धरा. तिथले खिसेकापू आपल्या लोकलमधल्यांना हार जाणार नाहीत. १८८२ साली सुरू झालेलं सग्रादा फामिलिया हे चर्च पाहायचं तर तिकीट आधी काढा.

मार्सेलिस म्हटलं की आपल्याला ८ जुलै १९१० आठवतो. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात. आजच्या मोठ्या क्रूझ जुन्या बंदरापासून बऱ्याच उत्तरेला लागतात, तेव्हा तिथून बसने यावं लागतं.

लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स ९० किलोमीटरच्या आसपास, तर पिसा पंचवीसेक. गुडघे कुरकुरत असतील तर पिसाचा मनोरा खालूनच पाहा आणि निवांत परत या. त्यात कमीपणा कसला?

नेपल्समध्ये मात्र बोट थेट शहराच्या अंगणात लागते. तिथून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पॉम्पेई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे गाव गृहिणीने बघावंच. भाकऱ्या-पावांच्या भट्ट्या, दगडी जाती, रस्त्यावरच्या खाणावळींचे ओटे आणि त्यांत बसवलेले रांजण. पाय ओले न होता रस्ता ओलांडावा म्हणून मधे ठेवलेले मोठे दगडही अजून तसेच आहेत. सावली मात्र नावाला नाही.

ग्रीसकडे जाणार असाल तर सांतोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. वर फिरा गावात जायला दोराची पाळणागाडी आहे, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. परतताना पाळणागाडीची रांग मोठी असते, म्हणून तासभर आधीच निघावं.

आता बॅग

बोटीवर चढताना मोठ्या बॅगा बाहेरच घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच हवा. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

आगीच्या भीतीने इस्त्री आणि पाण्याची किटली बहुतेक बोटींवर चालत नाही. तेव्हा कांजीच्या सुती साड्या घरीच राहू द्या. रात्रीच्या थाटाच्या जेवणाला न चुरगळणाऱ्या एक-दोन साड्या पुरतात. दिवसा सलवार-कमीज बरी. तिची ओढणी फार कामाची हो! चर्चमध्ये खांदे झाकायला तीच आणि डेकवरच्या वाऱ्यात डोक्याला बांधायलाही तीच. बूट-चपला मात्र नव्या नेऊ नका. महिनाभर पायात रुळलेल्याच न्या. तिथले रस्ते फरशांचे आणि उंचसखल.

केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात. चार चुंबकाचे हुक नेलेत तर पिशव्या-टोप्या टांगायची सोय होते.

खाऊ भरताना सावध! युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप नको. मेतकूट, चटणी, खाकरे सीलबंद असू द्यात. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच लेखी कळवा. बुफेतली फळं-सँडविचं खाली नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली मात्र न्या. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ आहेत. आणि समुद्रात शिरताच फोन ‘फ्लाइट मोड’वर टाका, नाहीतर बिल पाहून चक्कर येईल.

एक बंदर आपलं

शेवटी एक सांगायचं राहिलं. सहलीचा बेत आखताना मुलांना काय आवडेल, यजमानांना काय सोसेल, सासूबाईंना किती चालवेल, हे सगळं आपण बघतो. आपल्याला काय पाहायचंय, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि आपणही स्वतःला विचारत नाही. या वेळी कागदावर बंदरांची नावं लिहा आणि एकापुढे आपलं नाव घाला. त्या दिवशी बाकीच्यांना बोटीवर राहायचं असेल तर खुशाल राहू द्या, तिथे त्यांना जेवण मिळतं! तुम्ही पॉम्पेईच्या भट्ट्या पाहा, नाहीतर नुसती एक कॉफी घेऊन बाकावर बसा. परतीची वेळ तेवढी विसरू नका.