अंथरूण पाहून संगणक

१९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत देशातील पहिला अंकीय संगणक आला, तेव्हा ती केवळ संस्थांना परवडणारी वस्तू होती. आज त्याच शहरातील चांदनी चौकात सामान्य गृहस्थही सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेतो.

आमच्या चिरंजीवांना तो खेळांसाठी हवा होता आणि भाषांतरावर चालणाऱ्या संसारातील शिल्लक बेताचीच. खेळातील चित्रे रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड बहुधा सर्वांत महाग. म्हणून ते तूर्त वगळून ती शक्ती अंगीच असलेला रायझन ५६००जी प्रोसेसर घेतला. त्याची चित्रे मुख्य स्मृतीच्या बळावर उमटतात. यास्तव १६ जीबीच्या एका रॅमपट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन घेतल्या. दोन वाटांनी माहितीची ने-आण अधिक जलद होते.

मुलाचा जीव रंगीत दिव्यांच्या पेटीत गुंतला होता. ते पैसे मी चांगल्या पॉवर सप्लायकडे वळविले. तो हलक्या प्रतीचा असला, तर बाकीचे भागही धोक्यात येतात. शिवाय उद्याच्या कार्डाचा भार त्यालाच पेलावयाचा असतो. मुलगा दोन दिवस अबोल होता. आता मात्र पूजेला मिळालेले पैसे तो त्या कार्डासाठी आपणहून बाजूला ठेवतो.